मरळ कमी होत जाते, पण मेलेली एकही दिसत नाही: शेततळ्यात काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन एकदम दिसत असतील तरच पुढचं वाचा.

मरळीची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून महिना-दीड महिना झाला, की खाद्य उरायला लागतं. आधी दोन किलो दहा मिनिटांत फस्त व्हायचं, आता दीड किलोही कडेला तरंगत राहतं. पाण्यावर मेलेला मासा नाही, वास नाही. संध्याकाळी श्वास घ्यायला वर येणाऱ्या मरळींचा 'टपक, टपक' आवाज विरळ झालाय. फेकजाळं टाकलं तर एखादी वीतभर लांब आणि बाकीच्या बोटाएवढ्या. काहींच्या शेपट्या कुरतडलेल्या. कधीतरी एखादी मेलेली सापडतेच, तर तिच्या तोंडातून दुसऱ्या मरळीची शेपटी लोंबतेय. गिळताना अडकली आणि दोघीही गेल्या.

मी हडपसरला राहतो, पण आठवड्यातले चार दिवस सोलापूर रस्त्यावर असतो. यवत, पाटस, भिगवण, इंदापूर या पट्ट्यातल्या शेततळ्यांवर मरळीचं काम बघतो. पावसाळा लागला की फोन सुरू होतात आणि प्रत्येक फोनवर वाक्य तेच असतं: "साहेब, दोन हजार सोडली होती. मेलेली म्हणाल तर एक नाही. मग गेली कुठं?" पुढे संशयाचा क्रमही ठरलेला. आधी पाणकावळे, मग शेजारचा, शेवटी बीज (म्हणजे ही पिल्लं) देणारा.

यातले बहुतेक जण आधी रोहू-कटला करत होते. त्या माशांच्या सवयी डोक्यात ठेवून मरळीकडे बघितलं, की हिशोब लागत नाही. रोहू मेला तर फुगून वर येतो, दिसतो. तो तळ्याबाहेर चालत जात नाही आणि आपल्या भावंडांना खात नाही. मरळ या दोन्ही गोष्टी करते. म्हणून तपासणीचा क्रमही वेगळा ठेवावा लागतो. खाली लिहितोय तो क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि तळं उपसण्यापर्यंत जातो. मधलं काही गाळू नका. तळं उपसून झाल्यावर 'अरे, बीजच कमी आलं होतं' हे कळणं फार महागात पडतं.

पहिलं: मासे मुळात तेवढे होते का?

खर्च शून्य. लागतं काय, तर वही, पेन आणि चहाची गाळणी.

मरळीचं बीज आपल्याकडे बहुतेक आंध्र, तेलंगणा नाहीतर बंगालकडून येतं. तेलंगणाचा तर हा राज्यमासा आहे, तिकडे हिला 'कोरमेनू' म्हणतात. रात्रभराचा प्रवास करून पहाटे गाडी येते, सगळे झोपेत असतात, ड्रायव्हरला परतायची घाई असते. पिशवीवर ५०० लिहिलंय म्हणून ५०० धरतात आणि ओतून मोकळे होतात. पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया हा, आणि तोच कुणी मोजलेला नसतो.

सगळं बीज मोजायची गरज नाही. कुठलीही एक पिशवी निवडा, ती तुम्ही निवडा, देणाऱ्याला निवडू देऊ नका. त्यातली पूर्ण मोजा. बाकीची गाळणीने मोजा: तीन गाळण्या भरून मोजायच्या, सरासरी काढायची आणि एकूण किती गाळण्या झाल्या त्याने गुणायचं. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल, ते चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हापा. बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा तळ्यातच चार काठ्यांना बांधायचा आणि आलेल्या बीजातली एकसारख्या मापाची शंभर त्यात तीन दिवस वेगळी ठेवायची. याचं कारण असं, की प्रवासात मार खाल्लेली बोटुकली पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतात. एवढासा जीव मेल्यावर आधी तळाला जातो. तीन मीटर खोल पाण्यात तो कुजतो किंवा बाकीच्या मरळी त्याला खाऊन टाकतात, तुम्हाला पत्ता लागत नाही. हाप्यात मेलेली मात्र समोर दिसतात. तीन दिवसांत शंभरातली तीस गेली, तर तळ्यातलीही साधारण तेवढीच गेली समजा. मग पुढचं काही शोधू नका, बीजवाल्याशी बोला.

हे दोन्ही केलं नसेल, तर आता मागचं उकरून उपयोग नाही. 'सुरुवातीचा आकडा माहीत नाही' असं वहीत लिहा आणि पुढे चला. माझ्या स्वतःच्या पहिल्या खेपेला मी दोन हजार लिहिले होते आणि हाती लागल्या सहाशे चाळीस. आजही सांगू शकत नाही, की सोडल्या किती होत्या.

दुसरं: पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन एक चक्कर

मरळीला कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचा एक अवयव असतो, त्यामुळे ती ओल्या जमिनीवर बराच वेळ जगते. जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसात ती तळं सोडून निघते. अंगात तशी ओढच असते, नव्या पाण्याकडे जायचं. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद गुळगुळीत आहे, कशी चढेल, असं लोक म्हणतात. कागदावर शेवाळ धरलं आणि वरून पाण्याचा ओघळ येत असला की बरोबर चढते.

पाटसजवळ एका तळ्यावर दोन महिने आम्ही पाणकावळ्यांना शिव्या देत होतो. एक दिवस तिथल्या वहिनी सहज बोलल्या, "भाऊ, परवा पहाटं वैरणीला गेले तर उसाच्या सरीत मासा वळवळत होता. मला वाटलं कालव्याचा असंल." ती सरी तळ्यापासून चाळीस पावलांवर. आम्ही सगळे गडी आकाशाकडे बघत होतो आणि मासे पायाखालून चालले होते.

तर बघायचं काय: बांधावरच्या चिखलात नागमोडी ओरखडे, कडेच्या गवतात वाळलेली बोटुकली, मुंग्यांची रांग. मुंग्या फार उपयोगी. बांधावर पहाटे मुंग्यांची जाड रांग दिसली, तर तिच्या टोकाला काय आहे ते बघून या.

एक गोष्ट ठासून सांगतो. रात्री एकट्याने तळ्यावर जाऊ नका. कागदाच्या तळ्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही, पाय घसरतो. अशा तळ्यांत दरवर्षी माणसं बुडतात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा आणि एक फुगवलेली ट्यूब काठावर बांधा. हे मासे आणायच्या आधी करायचं काम आहे.

तिसरं: जाळी, पाईप आणि पक्षी

मासे चालत बाहेर जात असतील, तर उपाय स्वस्त आहे. तळ्याच्या कडेने दोन-अडीच फूट उंच नायलॉनची जाळी लावायची, वरचं टोक थोडं आत झुकलेलं आणि खालचं मातीत पुरलेलं. खाली फट राहिली तर जाळी लावून न लावल्यासारखीच. पाणी काठोकाठ भरू नका, फूट-दीड फूट रिकामं ठेवा.

सांडव्याचा पाईप बघा. त्याच्या तोंडाला जाळी असते, पण ती कचऱ्याने तुंबते म्हणून कुणीतरी 'तात्पुरती' काढलेली असते. आत येणाऱ्या पाण्याच्या पाईपलाही जाळी हवी. मरळ वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने जाते, पंप बंद झाल्यावर पाईपमध्ये शिरलेली मी स्वतः काढली आहे. कालव्याचं आवर्तन आल्यावर तळं भरून घेत असाल तर त्या पाण्यातून चिलापीचं पिल्लू येतं, कधी दुसऱ्या खादाड माशाचंही. बारीक कापड बांधूनच पाणी घ्या.

पक्षी खातात, नाही कशाला म्हणू. उजनीच्या पट्ट्यात तर खातातच. मोठा पाणकावळा दिवसाला जवळपास अर्धा किलो मासे खाऊ शकतो. बोटुकली वीस ग्रॅमची असेल तर एका पक्ष्याची पंचवीस झाली. पण पक्षी दिवसाढवळ्या येतो, बसतो, विष्ठा टाकतो. कागदावर पांढरे डाग नसतील, तर उगाच त्याच्यावर आळ घेऊ नका. डाग असतील तर तळ्यावर हात-दीड हात अंतराने दोऱ्या ताणा किंवा पूर्ण जाळी टाका. चमकणाऱ्या पट्ट्या चार दिवस चालतात, पाचव्या दिवशी बगळा त्यांच्यावरच बसतो.

जाळीत कधी कधी दिवड अडकते. बिनविषारी असते, पण चावते आणि चावली की लोक घाबरून मारतात. जाळी कापून सोडून द्या. तिने खाल्लेले मासे तुमच्या तोट्यात मोजण्याइतके नसतात.

चौथं: मोठ्या-लहानातला फरक मोजा

इथे थोडा वेळ थांबा, कारण दहापैकी सात ठिकाणी मला उत्तर इथेच सापडलंय.

मरळीच्या एकाच पोटच्या पिल्लांत काही झपाट्याने वाढतात. आमच्यात त्यांना 'शूटर' म्हणतात. मरळ साधारण आपल्या निम्म्या लांबीचा मासा गिळू शकते. म्हणजे तळ्यात दहा सेंटिमीटरच्या मरळी असतील आणि त्यांच्यात एखादी वीसची झाली, तर त्या दिवसापासून तिला तुमच्या खाद्याची गरज उरत नाही. भावंडं खाऊन ती आणखी वाढते, मग तिला आणखी मोठी भावंडं गिळता येतात. मेलेला मासा वर येत नाही, कारण तो पोटात असतो. खाद्य उरतं, कारण खाणारी तोंडं कमी झाली आणि जी उरली त्यांची पोटं भरलेली आहेत. सुरुवातीला सांगितलेली सगळी लक्षणं या एका गोष्टीतून निघतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. एका फळीवर शाळेची मोजपट्टी चिकटवा. फेकजाळ्याने तळ्याच्या चार वेगवेगळ्या जागांवरून मिळून पन्नास मासे काढा. एकाच कोपऱ्यातून काढलेत तर एकाच मापाचे मिळतील, कारण मोठ्या मरळी लहानांना चांगल्या जागेवरून हुसकतात. सगळ्यांची लांबी लिहा. सर्वांत मोठी ही सर्वांत लहानीच्या दीडपट किंवा जास्त असेल, तर प्रतवारी (मोठ्या-लहान वेगळ्या करणं) त्याच आठवड्यात करायची. दुप्पट होईपर्यंत थांबलात तर खाणं सुरू झालेलं असतं.

खात्री करायची असेल तर एक शूटर कापून बघा. भिगवणजवळच्या एका काकांना माझं म्हणणं पटेना. "आपली पोरं आपली पोरं खातील व्हय?" असं म्हणत होते. तळ्यातली सगळ्यात तगडी मरळ काढली, विळीवर घेतली. पोटातून एक अख्खी निघाली, दुसरीचा नुसता काटा आणि तिसरीची शेपटी. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गड्याला म्हणाले, "क्रेट आण रे."

क्रेट म्हणजे टोमॅटोचा, नारायणगावच्या बाजारात ढिगाने दिसतो तो. प्रतवारीसाठी विकत मिळणारी चाळणी चांगली असते, पण सुरुवातीला क्रेट पुरतो. क्रेट पाण्यात अर्धा बुडवून धरायचा, मासे त्यात सोडायचे, भोकांतून लहान खाली निघून जातात आणि मोठे वर राहतात. भोकाचं माप मोठं वाटलं तर आत जाळीचा तुकडा घाला. सकाळी गार वेळेला करायचं. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं, भरल्या पोटी हाताळलेली मरळ खाल्लेलं ओकते आणि पाणी खराब होतं.

किती दिवसांनी करायचं? मासा बोटभर असेपर्यंत आठ-दहा दिवसांनी. वीतभर झाल्यावर महिन्यातून एकदा. दोन मापं करून दोन तळ्यांत ठेवता आली तर उत्तम. एकच तळं असेल तर मध्ये जाळीचा पडदा टाका, तळाला साखळी किंवा वाळूच्या पिशव्या बांधून. तेही जमत नसेल तर निदान शूटर काढून हाप्यात वाढवा. त्या फेकू नका, त्याच आधी विकायला तयार होतात.

लपायला जागा द्या. जुन्या जाळ्यांचे गुंडे, पाईपचे तुकडे, नारळाच्या झावळ्या. मुळा-मुठेतून जलपर्णी उचलून आणू नका. फुकट दिसते म्हणून लोक ट्रॉली भरून आणतात आणि पुढच्या वर्षी तळं दिसत नाही.

याच ठिकाणी एक धोक्याची गोष्ट. कार्पच्या (रोहू-कटला जातीच्या माशांच्या) बीज-तळ्यात पाणकिडे मारायला तेल आणि साबणाचं मिश्रण पाण्यावर पसरतात. पद्धत जुनी आणि त्या माशांसाठी चांगली आहे, कारण किड्यांना हवेसाठी पृष्ठभागावर यावं लागतं आणि तेलाच्या थराने ते गुदमरतात. पण मरळसुद्धा हवेसाठी वरच येते! एका हुशार गृहस्थाने हा प्रयोग भर तळ्यात केला होता. त्यांच्या तळ्याचा हिशोब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच लागला. पाणकिडे काढायचे तर बारीक जाळं ओढून काढा आणि तेही बीज सोडायच्या आधी.

पाचवं: खाद्य

प्रतवारी करूनही शेपट्या कुरतडलेल्या दिसत असतील, तर उपाशी मासे शोधा. उपाशी मरळ ओळखू येते. डोकं मोठं, मागचं अंग काडीसारखं, पाठ धारदार. अशा माशांना तरंगत्या गोळ्या खायची सवयच लागलेली नसते. मरळ जन्मतः हलणारं भक्ष्य खाते, तिला गोळ्यांवर आणावं लागतं. हॅचरीवाल्याने ते काम अर्धवट सोडलं असेल, तर तुमच्या तळ्यात दोन गट पडतात: गोळ्या खाणारे आणि भाऊ खाणारे. म्हणून बीज घेताना 'गोळीवर आहे का' एवढं विचारून थांबू नका, समोर टाकून दाखवायला सांगा.

गोळी तरंगती आणि प्रथिनं ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असलेली हवी. कार्पचं स्वस्त खाद्य देऊन वाचवलेले पैसे मरळ दुसऱ्या मार्गाने वसूल करते. लहानपणी दिवसातून तीन-चार वेळा, शंभर ग्रॅमच्या पुढे गेल्यावर सकाळ-संध्याकाळ पुरे. एकाच कोपऱ्यात टाकू नका, तिथे दांडगे मासे ठाण मांडून बसतात. चार ठिकाणी टाका. थंडीत, पाणी २० अंशांखाली गेलं की खाणं आपोआप कमी होतं. तेव्हा उरलेलं खाद्य बघून मासे कमी झाले असं समजू नका. डिसेंबरमधले निम्मे फोन या एका वाक्याने संपतात.

उजनीची बारीक चिलापी कापून घालणारे बरेच आहेत. ताजी असेल तर मासे खातात, वाढतातही. मी सुचवत नाही. सोबत जळवा येतात, रोग येतो आणि एकदा त्याची चटक लागली की गोळी बंद. कुणी मांगूर मिसळायचं सुचवलं तर 'थाई' मांगूर आहे का ते आधी विचारा. त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे आणि सापडला तर तळंच नष्ट करतात.

सहावं: पाणी

मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला तरी तगते. केवळ तिच्यासाठी एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) घेणाऱ्याला मी आधी थांबवतो. पण म्हणून पाणी कसंही चालतं, असं नाही. बोटुकली असताना अमोनियाने ती मरते आणि मेलेली पुन्हा तळाशीच जाते.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया आणि सामू (पीएच) तपासायचे थेंबांचे किट मिळतात. दोन्ही घ्या, एकटं अमोनियाचं घेऊन उपयोग नाही. त्याचं कारण असं: पाण्यातल्या एकूण अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर तो भाग जेमतेम अर्धा टक्का असतो, ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर आणि ९ असेल तर एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे किटवर रंग तोच दिसतो आणि विष साठपट झालेलं असतं. हिरव्यागार तळ्यात दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सामू चढतो. म्हणून तपासणी दुपारी तीन-चारला करा. सकाळी सातला केलेल्या तपासणीत सगळं छान दिसतं.

अमोनिया आणि सामू दोन्ही चढलेले असतील तर दोन दिवस खाद्य बंद आणि तळातलं पाव-तृतीयांश पाणी काढून नवं पाणी. उसाला ते पाणी चांगलं लागतं. बोअरचं पाणी थेट सोडू नका, उंचावरून फवाऱ्यासारखं पडू द्या, आतले वायू उडून जातात. अशा वेळी चुना टाकू नका. चुन्याने सामू आणखी वर जातो. 'पाणी बिघडलं, चुना टाक' ही कार्पवाल्यांची आणखी एक सवय.

सातवं: तळं उपसणं

वरचं सगळं झालं, आकडा तरी जुळत नाही, तेव्हाच हे. मासे विकायच्या वेळी केलं तर वेगळा खर्च नाही. कागदाच्या तळ्यात पाणी फूटभर राहिलं की कोपऱ्यांतल्या चुण्या हाताने चाचपा, मरळ त्यांत घुसून बसते. कागद फाटलाय का ते बघा. चौफुल्याजवळ एका तळ्यात फाटक्या कोपऱ्यातून मासे कागदाखाली गेले होते. वर उभं राहिलं की पायाखाली काहीतरी सरकायचं. ब्लेडने कागद कापला तेव्हा अकरा निघाल्या, सगळ्या जिवंत.

मातीच्या तळ्यात आणखी एक घोळ. मागच्या खेपेची एखादी मोठी मरळ ओल्या गाळात दडून राहते. तुम्ही नवं बीज सोडता आणि ती बाई शेकड्याने बोटुकली खाते. म्हणून दोन खेपांच्या मध्ये तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या.

शंभर सोडून सत्तर हाती लागल्या तर मी ते तळं चांगलं चाललंय असंच धरतो. त्याहून जास्तीचं आश्वासन कुणी दिलं तर त्याच्याकडून बीज घेताना गाळणी घेऊन जा.

इथे हात थांबवा

अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा दिसल्या, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तर स्वतः औषध शोधू नका. मरळीला व्रणरोग लवकर पकडतो. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडून शिरला. मूळ कारण बुरशीसारखा एक जीव आहे, थंड पाण्यात तो बळावतो. दुकानदार देईल ती अँटिबायोटिक पावडर त्या जिवावर चालत नाही. शिवाय क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं खाण्याच्या माशांत वापरायला बंदी आहे. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधन संस्थेने या रोगासाठी 'सीफॅक्स' नावाचं औषध काढलंय, पण ते तुमच्या पाण्याला किती आणि कधी द्यायचं हे तज्ज्ञानेच सांगावं.

एका रात्रीत सगळं मेलं, माशांबरोबर बेडूकही मेले, तर ते विष आहे. फवारणीचं पाणी उतरलं असेल किंवा कुणी टाकलं असेल. मासे खाऊ नका, विकू नका, जनावरांना ते पाणी पाजू नका. नवं पाणी घ्यायच्या आधी काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ नमुना भरून झाकण लावा, कारण पाणी बदललं की पुरावा गेला. मग मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा आणि पोलिसांतही नोंद करा.

बांधातून पाणी पाझरत असेल, कागद एका बाजूने ओढला गेला असेल, तर तळं बांधणाऱ्यालाच बोलवा. मोटारीचा किंवा पंपाचा झटका पाण्यात जाणवला तर मेन स्विच बंद करून वायरमनला. त्या दिवशी कुणी पाण्यात हात घालायचा नाही.

माशांसाठी पहिला फोन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला करा. बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथेही विचारता येतं. रोगाचं निदान प्रयोगशाळेत करायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आधी फोन करून मगच निघा. नेताना मेलेला, वास मारणारा मासा नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. आजारी पण जिवंत अशा तीन-चार आणि एक धडधाकट, वेगवेगळ्या पिशव्यांत. पिशवीत पाणी अंग बुडेल एवढंच, बाकी हवा, म्हणजे मरळीला वर येऊन श्वास घेता येतो. सोबत वहीची पानं: बीज कधी सोडलं, खाद्य किती, पाणी कधी बदललं, मेलेली पहिल्यांदा कधी दिसली. आणि तळ्याच्या पाण्याची एक बाटली वेगळी. पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचता. पिशव्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, पायापाशी ठेवा.